डोंगरी सायकलच्या टायरची जडणघडण

डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या सायकलच्या टायरचा संबंध एकाच प्रकारच्या पृष्ठभागाशी येतो, आणि तो पृष्ठभाग सपाट, टणक व शक्य तितका कोरडा राहावा अशाच बेताने बांधलेला असतो. डोंगरवाटेवर चालणाऱ्या टायरला मात्र एकाच फेरीत उघडा कातळ, त्यावर पसरलेली सुटी खडी, झाडांची ओली मुळे, चिकणमातीचा चिखल आणि कोरडी वाळू यांतून जावे लागते. यांपैकी प्रत्येक ठिकाणी टायरकडून वेगळ्या गुणांची अपेक्षा असते, आणि एका ठिकाणी उपकारक ठरणारा गुण दुसऱ्या ठिकाणी बहुधा नडतो. गेल्या शतकाच्या सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात उदयाला आलेल्या आणि ‘माउंटन बाइक’ या नावाने जगभर पसरलेल्या सायकलच्या टायरचा इतिहास हा या परस्परविरोधी मागण्यांशी झालेल्या झटापटीचा इतिहास आहे. या इतिहासाचा आलेख सरळ चढता मात्र नाही. प्रारंभी जवळजवळ योगायोगाने हाती आलेला रुंद, मऊ टायर मधल्या काळात शर्यतीच्या नादाने अरुंद आणि कडक करण्यात आला, आणि मूळच्या रुंदीकडे परतायला या व्यवसायाला दोन दशकांहून अधिक काळ लागला. शिवाय प्रत्येक टप्प्यावरचा टायर हा ज्या मुलखात घडला त्या मुलखाच्या माती-हवामानाचा ठसा घेऊन आला, आणि दुसऱ्या मुलखात गेल्यावरच त्याच्या उणिवा उघड झाल्या.

हवा भरलेल्या टायरचे पेटंट रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्येच घेतले होते. तो व्यवहारात आणला तो बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने, १८८८ मध्ये. त्या काळात बहुतेक रस्ते कच्चेच असल्यामुळे रस्त्याची सायकल आणि रानातली सायकल असा भेद करण्याचे कारण नव्हते, परंतु अरुंद टायर मातीत काय करतो याचा एक पुरावा १८९७ सालातला उपलब्ध आहे. अमेरिकी लष्कराच्या पंचविसाव्या पायदळ पलटणीतील २० कृष्णवर्णीय सैनिकांनी लेफ्टनंट जेम्स मॉस याच्या नेतृत्वाखाली त्या वर्षी मोंटानातील फोर्ट मिझूला ते सेंट लुईस हे सुमारे १,९०० मैलांचे अंतर सायकलींवरून कापले. पावसाने भिजलेली तिकडची चिकणमाती चाकांना अशी लपेटून बसे की चाक आणि चिमटा यांच्यामधली फट भरून सायकल जागच्या जागी अडे, आणि सैनिकांना सायकली ढकलत रेल्वेमार्गावरच्या स्लीपरांवरून चालावे लागे. चिखलात टायर घसरण्याआधी तो चिखलाने भरून जातो, आणि त्याचा उपयोग तिथेच संपतो, ही गोष्ट त्या मोहिमेत स्पष्ट झाली होती. ती पुन्हा शिकावी लागली ती जवळपास नव्वद वर्षांनी.

त्या मोहिमेच्या काळात आणि पुढेही अमेरिकेत रूढ असलेला टायर म्हणजे आत वेगळी ट्यूब नसलेली, रिमला चिकटवून बसवलेली एकसंध नळी असे, आणि ती पंक्चर झाली की दुरुस्त करणे जिकिरीचे होई. शिकागोच्या अर्नोल्ड, श्विन अँड कंपनीचा प्रमुख फ्रँक श्विन याने जर्मनीत रुंद, कमी दाबाचे आणि स्वतंत्र ट्यूब असलेले टायर पाहिले, आणि १९३३ मध्ये २६ इंची चाकावर २.१२५ इंच, म्हणजे सुमारे ५४ मिलिमीटर, रुंदीचा टायर असलेली सायकल अमेरिकी बाजारात आणली. या प्रकाराला ‘बलून टायर’ म्हणत. मंदीच्या काळात मुलांसाठी दणकट सायकल बनवावी, तिने फुटपाथच्या कडा आणि खड्डे सोसावेत, एवढाच त्यामागचा हेतू होता. ब्रिटिश धाटणीची जी काळी सायकल पुढे भारतात घरोघरी पोचली, तिचा २८ × १½ इंची टायर या बलून टायरपुढे सडपातळ दिसतो. तिचा टायर अधिक दाबाने फुगवावा लागे आणि खडबडीत रस्त्याचे हादरे थेट बैठकीपर्यंत पोचत. अमेरिकी मुलांच्या सायकलीचा टायर पुढे डोंगर उतरणार आहे, हे श्विनच्या कारखान्यात कोणाच्या स्वप्नातही असण्याची शक्यता नव्हती.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन काउंटीत माउंट टॅमल्पायस हा सुमारे ७८० मीटर उंचीचा डोंगर आहे, आणि वणवा विझवणाऱ्या दलांची वाहने जाण्यासाठी त्याच्या परिसरात मातीचे रस्ते खोदलेले आहेत. सत्तरच्या दशकाच्या पूर्वार्धात या परिसरातील काही तरुणांनी, ज्यांच्यापैकी अनेक जण एरवी रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेत, जुन्या बाजारातून नाममात्र किमतीला मिळणाऱ्या श्विनच्या बलून टायरच्या सायकली घेऊन हे रस्ते उतरायला सुरुवात केली. या खटाऱ्यांना ते ‘क्लंकर’ म्हणत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी चार्ली केली याच्या पुढाकाराने घड्याळ लावून पहिली शर्यत झाली. सुमारे दोन मैलांत हा रस्ता १,३०० फूट खाली येतो, आणि पेडल उलटे दाबून लागणारा मागच्या चाकाचा ब्रेक एवढ्या उतारात इतका तापे की हबमधले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक फेरीनंतर हब उघडून त्यात नवे ग्रीस भरावे लागे, आणि ग्रीस पुन्हा भरण्याच्या या खटपटीवरूनच त्या उताराला ‘रिपॅक’ हे नाव मिळाले. गॅरी फिशर याने नोंदवलेली ४ मिनिटे २२ सेकंद ही तिथली सर्वोत्तम वेळ ठरली.

रिपॅकची जमीन कशी होती हे नीट पाहिल्याशिवाय पुढच्या टायरांचा आकार समजत नाही. मरिनमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळाभर थेंबही पडत नाही. त्यामुळे वर्षाचा मोठा काळ या रस्त्यांचा तळ दगडासारखा कडक असतो आणि त्यावर धूळ व बारीक खडी यांचा सुटा थर पसरलेला असतो. अशा ठिकाणी गुळगुळीत टायर सुट्या थरावर तरंगतो आणि वळणावर थरासकट बाजूला सरकतो. टायरवर रबराचे उठावदार ठोकळे असतील, तर ते सुटा थर बाजूला सारून खालच्या कडक तळापर्यंत पोचतात आणि तिथे पकड घेतात. ठोकळे फार उंच असले तर कडक तळावर ते वाकतात आणि सायकल डळमळते. फार ठेंगणे असले तर तळापर्यंत पोचतच नाहीत. मरिनच्या मंडळींना युनिरॉयल कंपनीच्या २६ × २.१२५ इंची, आखूड चौकोनी ठोकळ्यांच्या टायरने हा तोल पुष्कळसा साधून दिला, आणि जो ब्रीझ याने १९७७ मध्ये बांधलेल्या, डोंगरासाठीच म्हणून आखलेल्या पहिल्या फ्रेमीवरही तोच टायर चढला. त्या टायरची खरी ताकद नक्षीपेक्षा त्याच्या पोटात होती. त्या काळच्या सायकलींना पुढच्या चिमट्यात वा मागे स्प्रिंग अशी कोणतीही सोय नसल्यामुळे दगडाचा मार झेलणारे एकमेव साधन म्हणजे टायरमधली हवा, आणि ती हवा भरपूर असून कमी दाबाची होती.

येथे दाबाचे गणित थोडक्यात मांडणे आवश्यक आहे. टायर जमिनीला जेवढ्या क्षेत्रफळावर टेकतो ते क्षेत्रफळ, टायरच्या कापडाचा ताठपणा वगळला तर, चाकावरचा भार भागिले हवेचा दाब एवढे येते. मागच्या चाकावर ४५ किलो भार आहे आणि टायरमध्ये ४५ पौंड प्रति चौरस इंच, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३.२ किलो, इतकी हवा आहे असे मानले, तर जमिनीशी संपर्क सुमारे १४ चौरस सेंटिमीटरचा राहतो. तोच दाब २५ पौंडांवर आणला, तर संपर्क २५ चौरस सेंटिमीटरच्या पुढे जातो. संपर्क वाढला की अधिक ठोकळे एकाच वेळी मातीत रुततात, आणि टायर दगडावरून उसळण्याऐवजी त्याला आपल्यात सामावून घेतो. गुळगुळीत रस्त्यावर मात्र नरम टायर दर फेऱ्याला अधिक दबतो-फुगतो आणि त्यात सायकलस्वाराची शक्ती वाया जाते. सायकल शर्यतीच्या जगाचा सारा अनुभव रस्त्यावरचा असल्यामुळे ‘टायर जितका टणक तितका वेगवान’ ही समजूत पक्की झालेली होती. खडबडीत जमिनीवर टणक टायर प्रत्येक दगडाशी सायकलला आणि स्वाराला वर उचलतो आणि तीही शक्ती वायाच जाते, हे त्या हिशोबात धरलेले नव्हते. या चुकीच्या समजुतीची किंमत पुढच्या पिढीने पंक्चरांच्या रूपाने मोजली.

क्लंकरची चाके पोलादी रिमांची आणि जड होती. ऐंशीच्या दशकाच्या उंबरठ्यावर उकाई आणि अराया या जपानी कंपन्यांच्या २६ इंची ॲल्युमिनियम रिमा आणि मित्सुबोशी कंपनीचा ‘स्नेकबेली’ नावाचा हलका टायर मिळू लागला, आणि चाकांचे वजन एकदम उतरले. ज्या भागाला फिरवायचे असते त्याच भागातून उतरलेले वजन चढावर फार जाणवते. त्यामुळे जी सायकल डोंगरावर ट्रकमधून न्यावी लागे वा ढकलत न्यावी लागे, ती पेडल मारत वर नेता येऊ लागली. गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेमी घेऊन १९७९ मध्ये सुरू केलेला व्यवसाय आणि माइक सिनयार्ड याच्या स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेली स्टम्पजंपर ही सायकल या दोहोंचा पाया या हलक्या चाकांवर उभा आहे. फ्रेमीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. रिम आणि टायर यांना त्यांत परिशिष्टाइतकीच जागा मिळते, हे न्याय्य म्हणता येत नाही.

याच सुमारास इंग्लंडमध्ये जेफ ॲप्स हा गृहस्थ लंडनच्या वायव्येकडील चिल्टर्न टेकड्यांत स्वतंत्रपणे वेगळ्याच सायकलवर काम करत होता. तिथली जमीन खडूच्या खडकावर बसलेल्या चिकणमातीची आणि गारगोट्यांची, हवा दमट आणि वाटा वर्षातून बरेच महिने ओल्या. ॲप्सने आपल्या सायकलींना फिनलंडच्या नोकिया कंपनीचे, मुळात बर्फासाठी केलेले ‘हक्कापेलिट्टा’ टायर बसवले. हीच कंपनी पुढे मोबाइल फोनसाठी जगप्रसिद्ध झाली, परंतु तेव्हा ती रबरी बूट आणि टायरही बनवत असे. या टायरचे ठोकळे विरळ आणि टोकदार असल्यामुळे चिखलात ते खोल रुतत आणि चाक फिरताना ठोकळ्यांमधला चिखल झटकला जाई. ॲप्स हवाही फार कमी ठेवत असे. हे टायर त्याने मरिनला पाठवले, तेव्हा तिथल्या मंडळींनाही ते पसंत पडले, कारण त्यांचा व्यास २६ इंची अमेरिकी चाकापेक्षा थोडा मोठा होता. परंतु फिनलंडहून माल येण्याचा भरवसा नव्हता. डोंगरी सायकलचे चाक पुढची तीस वर्षे २६ इंचांवर स्थिरावले ते एवढ्याशा कारणाने, की त्या मापाचा टायर वेळेवर मिळत होता. मापाच्या गुणदोषांची तुलना त्या वेळी कोणी केलीच नाही.

अमेरिकेच्या कोरड्या पश्चिमेत घडलेला टायर जसजसा ब्रिटनच्या चिखलात आणि कॅनडाच्या पावसाळी जंगलात पोचला, तसतसे ‘सर्व जमिनींना एकच टायर’ हे गृहीतक कोसळू लागले. टणक जमिनीवर पकड ही मुख्यतः रबर आणि दगड यांच्यातल्या घर्षणावर अवलंबून असते. मऊ जमिनीवर मात्र ठोकळा मातीत शिरतो आणि माती स्वतः कातरली न जाता जेवढा जोर सोसू शकेल तेवढीच पकड मिळते. ओल्या चिकणमातीची ही ताकद पाण्याने घटते, तेव्हा वरच्या निसरड्या थरातून खाली घट्ट मातीपर्यंत पोचणारे उंच खुंट लागतात, आणि ते दूरदूर असावे लागतात, नाहीतर मधल्या जागा भरून टायर मातीचे गुळगुळीत कडे बनतो. चिखलाचे टायर अरुंद ठेवण्याचे कारणही हेच, की ते थर कापून खाली जावेत आणि चिमट्यात जागा उरावी. कोरड्या वाळूत याच्या नेमके उलट घडते: वाळूचे कण एकमेकांना धरून ठेवत नाहीत, खुंट त्यांना उकरतात आणि चाक बसत जाते, म्हणून तिथे भार मोठ्या क्षेत्रावर पसरवणारा रुंद टायर लागतो. ओल्या मुळांवर आणि ओल्या कातळावर खुंट शिरूच शकत नाहीत, त्यामुळे तिथे नक्षीचा उपयोग फारसा होत नाही. रबर किती मऊ आहे एवढ्यावरच सारे अवलंबून राहते.

पुढचा आणि मागचा टायर यांची कामे वेगळी आहेत, हे ओळखून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या पॅनारेसर कंपनीची ‘डार्ट’ आणि ‘स्मोक’ ही जोडी गाजली. पुढच्या डार्टवर बाणाच्या टोकासारखे ठोकळे होते, कारण पुढच्या चाकाने दिशा धरायची आणि वळणावर बाजूने सरकायचे नाही. मागच्या स्मोकवर वल्ह्यासारखे आडवे ठोकळे होते, कारण मागच्या चाकाने चढावर जमीन मागे ढकलायची. ब्रिटनमध्ये ही जोडी विशेष लोकप्रिय झाली. आजही मागच्या चाकाला वेगाने घरंगळणारा आणि पुढच्याला अधिक पकडीचा टायर लावण्याची रीत टिकून आहे, त्याचे तर्कशास्त्र तेच आहे: मागचे चाक घसरले तर सावरता येते, पुढचे घसरले तर स्वार बहुधा जमिनीवर असतो.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून या सायकलला संघटित शर्यतींचे रूप आले. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघाने मान्यता दिलेली पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली, आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्री, म्हणजे चढउतारांच्या दीर्घ वाटेवरची शर्यत, समाविष्ट झाली. याच काळात पुढच्या चिमट्यात धक्के शोषणारी यंत्रणा आली आणि ‘आता टायरने ते काम करण्याची गरज उरली नाही’ असा निष्कर्ष काढला गेला. वजनाचा ध्यास तर होताच. परिणामी ५४ मिलिमीटरचा टायर पन्नास मिलिमीटरच्या आत आला, त्याच्या बाजूच्या भिंती पातळ झाल्या आणि त्यात ४० पौंडांच्या आसपास किंवा त्याहून अधिक हवा भरणे रूढ झाले. इतकी हवा भरण्यामागे केवळ वेगाची हाव नव्हती. अरुंद टायर दगडावर आदळून रिमपर्यंत दबला की आतली ट्यूब दगड आणि रिम यांच्या चिमटीत सापडते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोके पडतात. सायकलस्वार या पंक्चरला सर्पदंश म्हणत. ते टाळायचे तर हवा वाढवणे एवढाच उपाय हातात होता, आणि हवा वाढवली की पकड जाई. ट्यूब असेतो या कोंडीतून सुटका नव्हती.

उतारावरच्या शर्यतीने, जिला ‘डाउनहिल’ म्हणतात, वेगळी वाट धरली, कारण तिथे चढायचे नसल्याने वजनाला फारसे महत्त्व नव्हते. मोटारसायकलच्या धर्तीवर दुहेरी कापडाच्या भिंतींचे, किलोभराहून जड टायर तिथे आले आणि मऊ रबराचे प्रयोग सुरू झाले. रबराची मऊपणाची पातळी ‘शोर’ या मापाने मोजतात. आकडा जितका लहान तितके रबर मऊ. क्रॉस-कंट्रीचा टायर ६० ते ७० च्या आसपास असे, तर तैवानच्या चेंग शिन कंपनीने मॅक्सिस या नावाखाली डाउनहिलसाठी ४२ पर्यंत मऊ रबर वापरले. असे रबर दाबले असता सावकाश मूळ आकारात येते, त्यामुळे दगडाच्या बारीक खाचांत ते बसून राहते. घरंगळण्यात ते मंद असते आणि झिजतेही लवकर. नव्या शतकाच्या आरंभी आलेल्या याच कंपनीच्या ‘मिनियन’ टायरने मधले ठोकळे आणि कडेचे ठोकळे यांच्यात मोकळी पट्टी ठेवली; स्वाराने सायकल निर्धाराने कलती केली की कडेच्या ठोकळ्यांची सलग रांग जमिनीत रुतते, पण अर्धवट कलती केली तर मधल्या रिकाम्या पट्टीवर सायकल क्षणभर तरंगते. धीट स्वाराला बक्षीस देणारा आणि भित्र्याला शिक्षा करणारा हा टायर आजही बनतो, यावरून त्याच्या रचनेची योग्यता कळते.

शर्यतीच्या दिवशी हवामान पालटले की मेकॅनिकच्या तंबूत जे चाले ते या साऱ्या शास्त्राचे प्रात्यक्षिकच असे. अर्धवट ओल्या वाटेसाठी कोरडा टायर कमी पडतो आणि पूर्ण चिखलाचा टायर कातळावर डळमळतो. तेव्हा चिखलाच्या टायरचा एकेक खुंट कटरने तोडून त्याची उंची कमी करण्यात येई, मधली ओळ अधिक आखूड आणि कडेची जराशी लांब, असे शेकडो खुंट हाताने कापायचे आणि शेवटच्या सरावफेरीच्या आत चाक परत चढवायचे. कारखान्यांनी पुढे असे मध्यम उंचीचे टायर तयारच विकायला काढले. स्वित्झर्लंडमधील शाँपेरी येथील २०११ च्या जागतिक स्पर्धेत डॅनी हार्ट याने पावसाने निसरड्या झालेल्या अतितीव्र उतारावर ११ सेकंदांहून अधिक फरकाने विजय मिळवला. ज्या खेळात निकाल सेकंदाच्या अंशांवर लागतात, तिथे ओल्या जमिनीवर माणसामाणसांतला फरक किती रुंदावतो याचे हे उदाहरण आहे.

वर सांगितलेली कोंडी फोडली ती ट्यूब काढून टाकण्याने. माविक, मिशेलिन आणि हचिन्सन या तीन फ्रेंच कंपन्यांनी १९९९ मध्ये रिम आणि टायर यांची कडा हवाबंद बसेल अशी एकत्रित रचना बाजारात आणली. ट्यूब नसल्यामुळे सर्पदंशाचा प्रश्न मिटला, पण हे टायर जड होते आणि खास रिमा घ्याव्या लागत. अमेरिकेतील स्टॅन कोझियाटेक याने २००१ च्या सुमारास साध्याच रिमला आतून पट्टी चिकटवून आणि साध्याच टायरमध्ये पातळ लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, ओतून तेच साधले; काटा रुतला की हवेबरोबर बाहेर येणारा चीक भोकातच गोठतो. अमेरिकेच्या नैर्ऋत्येतील कोरड्या मुलखात याचा विशेष गाजावाजा झाला, कारण तिथे पसरलेली काटेरी वनस्पती ट्यूबचा कर्दनकाळ आहे. ही वनस्पती म्हणजे महाराष्ट्राच्या माळरानावर सर्वांच्या परिचयाचा सराटा, जो तिकडे परक्या भूमीतून जाऊन फोफावला.

ट्यूब गेली आणि हवा ३५-४० पौंडांवरून २०-२५ पौंडांवर आली. कमी हवेचा टायर अरुंद रिमवर वळणात एका अंगाला लवंडतो, म्हणून रिम आतून सुमारे १९ मिलिमीटरवरून ३० मिलिमीटरपर्यंत रुंदावली. रुंद रिमवर रुंद टायर बसला, आणि २.४ इंचांचा टायर सर्वसामान्य झाला. मरिनच्या मंडळींना जुन्या बाजारात फुकटासारखा मिळालेला टायर २.१२५ इंचांचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे मधल्या काळातल्या अरुंदीकरणाने काय साधले असा प्रश्न पडतो.

चाकाच्या मापाची कथा तुलनेने थोडक्यात सांगता येते. वाइल्डरनेस ट्रेल बाइक्स या कंपनीने १९९९ मध्ये रस्त्याच्या सायकलीच्या मापाच्या, म्हणजे ६२२ मिलिमीटर व्यासाच्या, रिमवर बसणारा रुंद डोंगरी टायर काढला आणि त्यातून ‘२९ इंची’ चाक जन्माला आले. मोठे चाक खड्ड्यात कमी पडते आणि दगडावर कमी कोनात चढते. ॲप्सच्या फिनिश टायरचे ५८४ मिलिमीटरचे मापही तीस वर्षांनी परतले, आणि निनो शुर्टर याने २०१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील पीटरमॅरिट्झबर्ग येथे त्या मापावर विश्वचषक शर्यत जिंकली. त्यानंतर २६ इंची चाक शर्यतीतून नाहीसे व्हायला फारसा वेळ लागला नाही.

अलास्काच्या बर्फाने मात्र स्वतंत्र शाखा निर्माण केली. तिथे १९८७ पासून बर्फावरच्या वाटांवर दीर्घ पल्ल्याच्या सायकल शर्यती होऊ लागल्या, आणि बर्फात रुतू नये म्हणून काहींनी दोन रिमा शेजारी शेजारी जोडून पाहिल्या. फेअरबँक्सच्या सायमन रॅकोअर याने ४४ मिलिमीटर रुंदीची रिम बनवली, तर न्यू मेक्सिकोच्या वाळूत रे मोलिना याने याहून रुंद रिमा आणि साडेतीन इंची टायर करून घेतले. बर्फ आणि वाळू या दोहोंचा प्रश्न एकच असल्याने दोन टोकांच्या हवामानातले प्रयोग एका ठिकाणी येऊन मिळाले, आणि २००५ मध्ये सर्ली कंपनीने ३.७ इंची टायरची सायकल सर्वांसाठी विक्रीस काढली. तिच्यात आठ-दहा पौंड हवा पुरते. बोटाने दाबला तर टायर सहज खोलगट होतो.

टायरवर जमिनीचा परिणाम होतो तसा जमिनीवर टायरचाही होतो, आणि या प्रश्नावरून मरिनमध्येच ऐंशीच्या दशकात पादचारी व घोडेस्वार एका बाजूला आणि सायकलस्वार दुसऱ्या बाजूला असा कडवट वाद पेटला, ज्याच्या ओघात बऱ्याच अरुंद पायवाटा सायकलींना बंद झाल्या. मोंटानात करण्यात आलेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विल्सन व सीनी यांच्या अभ्यासात घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केल्याचे आढळले. तरी ब्रेक दाबून मागचे चाक घासत नेल्याने पडणारी चर हा अपवाद उरतोच, कारण त्या चरीतून पावसाचे पाणी वाहू लागते आणि पुढचे काम पाणीच करते. ओल्या चिकणमातीच्या वाटा सुकेपर्यंत वापरू नयेत, हा अनेक ठिकाणी रूढ झालेला नियम यातूनच आला, आणि त्यामुळे चिखलासाठीचे टायर बहुतांशी शर्यतींपुरते मर्यादित राहिले.

अलीकडचा बदल टायरच्या कापडात आहे. मोटारींसाठी मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेली रेडियल रचना, ज्यात कापडाचे धागे एकमेकांना तिरके छेदण्याऐवजी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ आडवे जातात, सायकलच्या टायरमध्ये कधी नीट रुजली नव्हती, कारण बाजूच्या भिंती फार लवचीक होऊन वळणावर सायकल डोलते. श्वाल्बे या जर्मन कंपनीने २०२४ मध्ये डोंगरी सायकलसाठी धाग्यांचा कोन त्या दिशेने वळवलेले टायर आणले. अशा टायरचा जमिनीशी संपर्क त्याच दाबाला अधिक मोठा असतो. म्हणून नरमाईसाठी हवा आणखी उतरवावी लागत नाही, उलट काही पौंड जास्त भरून रिमला दगडांपासून वाचवता येते.